पाम चौकटीला लागला की

९ फेब्रुवारी

ठोंब्या,

पाकिटावर माझं अक्षर बघून दचकू नकोस. कोणी गेलेलं नाही. अप्पा ठणठणीत आहेत, मी ठणठणीत आहे आणि खालच्या मावशी तर आपल्या सगळ्यांना पोचवूनच जातील. आजारी आहे तो तुझा पाम.

तू दरवर्षी एक कार्ड टाकतोस. त्यात दोनच ओळी, 'झाड केवढं झालं? बाकी ठीक.' अकरा वर्षांत अकरा कार्डं, आणि बाकी कायम ठीक. मीही तेवढंच कळवते, की खिडकीच्या अर्ध्यापर्यंत आलंय. यंदा कार्डाची वाट न बघता आपणहून लिहितेय. तू एवढ्या मोठ्या बागेत झाडांचा डॉक्टर झाला आहेस म्हणे, मग घरचंच झाड मेलं तर लोक तुलाच हसतील.

लक्षणं अशी. खालची चार पानं पिवळी पडली आहेत. बाकीच्यांची टोकं तपकिरी, चहात बुडवल्यासारखी. मधला कोंब, तो भाल्यासारखा सरळ उभा असतो ना, तो ऑक्टोबरपासून मिटलेला आहे तो मिटलेलाच. पाणी रोज घालते, दोन मग. पिवळी पानं छाटायला कात्री घेऊन गॅलरीत निघाले होते, तर अप्पांनी अडवलं. म्हणाले, "आधी त्याला विचार." नाव नाही घेतलं. 'त्याला' म्हणाले. तू गेल्यापासून पहिल्यांदा.

जागा तीच आहे, कामाच्या टेबलासमोरच्या खिडकीबाहेर. तीच मातीची कुंडी, खाली तोच पत्र्याचा टब, मावशींच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर पाणी ठिबकू नये म्हणून तू ठेवलेला. मी काहीही वेगळं केलेलं नाही.

अप्पांचं काम जोरात आहे. गेल्या महिन्यात नऊ कवळ्या झाल्या. हात अजून तसाच.

ताई


२७ फेब्रुवारी

ठोंब्या,

चक्क दोन पानं! मला वाटलं पोस्टमनने दुसऱ्या कुणाचं पत्र टाकलं. दोन्ही पानांत झाड सोडून एक अक्षर नाही हे वेगळं, पण अक्षर सुधारलंय तुझं.

सांगितलंस ते सगळं केलं. पिवळी पानं छाटली नाहीत. पाम जुन्या पानातलं काढून घेऊन नवं पान वर काढतो, पिवळं पान तोडलं तर त्याच्या तोंडचा घास काढल्यासारखं होतं, हे मला माहीत नव्हतं. अप्पांना वाचून दाखवलं, तर माझ्याकडे न बघता म्हणाले, "खरं असेल." मग दोन पेरं बोट मातीत खुपसून बघितलं. माती ओली, आणि बोटाला फुलदाणीत विसरलेल्या पाण्याचा वास. पाणी बंद केलं. एवढे दिवस बुडणाऱ्याला पाणी पाजत होते म्हणायचं.

कुंडी उचलून तळाचं भोक मोकळं आहे का ते बघ म्हणालास. कुंडी हलत नाही. जमिनीला खिळे मारल्यासारखी बसली आहे. मी एकटी किती जोर लावणार, आणि अप्पांच्या हातात आता चमचाही धड राहत नाही.

हे वाक्य खोडणार होते. पण खोडलेलं तू उजेडात धरून वाचशील, लहानपणापासूनची खोड आहे तुझी. तेव्हा राहू दे.

त्यांचे हात थरथरायला लागून आठ वर्षं झाली. आधी उजवा हात, मग दोन्ही. त्या नऊ कवळ्या मी केल्या. त्याआधीच्याही मीच. मेण मी लावते, दात मी बसवते, घासते मी, चकाकी मी आणते. बेल वाजली की मी टेबलावरून उठते आणि अप्पा माझ्या खुर्चीत येऊन बसतात. ॲप्रन त्यांच्या अंगावर सकाळपासून असतोच. मी त्यांच्या हातात कानस देते, ते हात मांडीवर घट्ट दाबून धरतात. मी मागच्या स्टुलावर शिवण घेऊन बसते. गिऱ्हाईक म्हणतं, "वा मास्तर, या वयात काय हात आहे तुमचा!" अप्पा मान डोलावतात. मी सुईत दोरा ओवते. दार लागलं की पुन्हा अदलाबदल. आता आम्ही इतके तरबेज झालोय की ती खुर्ची कधी गार पडत नाही.

त्यांनी मला कधी 'कुणाला सांगू नकोस' असं म्हटलं नाही, पण तुला अप्पा माहीत आहेत. चार वर्षांपूर्वी मी दोन दिवस मावसबहिणीकडे राहायला गेले. त्या दोन दिवसांत बेल वाजली तरी त्यांनी दार उघडलं नाही. आतल्या खोलीत दिवा न लावता बसून राहिले. दूधवाला घाबरून मावशींना वर घेऊन आला. त्यानंतर मी राहायला कुठे गेले नाही.

मधला कोंब हळूच ओढून बघ, असं तू शेवटी लिहिलंस. हातात आला तर झाड आतून संपलं, मग पत्र लिहू नकोस. नाही आला तर जीव आहे. पामाला एकच शेंडा असतो, तो गेला की दुसरीकडून फुटत नाही. गॅलरीत तीनदा जाऊन आले. ओढला नाही. ओढेन.

ताई


१७ मार्च

ठोंब्या,

माती वाळत नाही. तीन आठवडे थेंब घातलेला नाही आणि बोटाला अजून ओल लागते. काय समजायचं?

आता एक गंमत सांगते. आपल्याकडे कवळ्या करायला देतात त्या डॉक्टरीणबाई परवा आल्या. अप्पा खुर्चीत, मी स्टुलावर, सगळं जागच्या जागी. जाताना मला म्हणाल्या, "जिन्यापर्यंत येतेस का?" खाली गेल्यावर म्हणतात, "मला सहा वर्षं माहीत आहे."

मी विचारलं, "काय?"

म्हणाल्या, "दाढांवर कानशीच्या रेषा उलट्या बाजूला झुकतात. तुझे वडील डावरे नाहीत. तू सुईत दोरा डाव्या हाताने ओवतेस."

बघ म्हणजे. आठ वर्षं नाटक केलं आणि एका डावऱ्या हाताने गळा कापला. मला तिथल्या तिथे रडू आलं, आणि मग हसू. त्याही हसल्या. म्हणाल्या, कवळ्या करायला शिकवणारी एक शाळा आहे, तिथे शिकवायला माणूस हवंय, त्यांनी माझं नाव दिलंय. एक जूनला हजर व्हायचं. राहायला खोली आहे. शाळा तुझ्या गावापासून तासाभरावर आहे.

मी नाहीच म्हणणार आहे. तुला आपलं सांगायचं म्हणून सांगितलं. पन्नाशी ओलांडलेली बाई कुठे जाते शिकवायला? अप्पांना सकाळी गुंड्या मी लावते. दाढी मी करते. त्यांचा कप अर्धाच भरायचा असतो, नाहीतर सांडतो आणि सांडला की दिवसभर बोलत नाहीत. हे कुठल्या बाईला सांगून कळणार? आणि ती बाई दार उघडायला लागली की अप्पा कुठल्या खुर्चीत बसणार?

डॉक्टरीणबाईंना कळवते नाही म्हणून. अजून कळवलेलं नाही.

कोंब ओढलेला नाही.

ताई


५ एप्रिल

ठोंब्या,

तुझं कार्ड मिळालं. एकच ओळ. 'झाड केवढं झालं ते खरं सांग.'

बरं. खरं सांगते.

तू गेलास त्या दुपारचं आठवतं का, हे विचारण्यात अर्थ नाही. अप्पा म्हणाले होते, ज्याला बापाच्या धंद्याची घाण वाटते त्याने या घरात पुन्हा पाय ठेवू नये. तुला घाण वाटत नव्हती, तुला फक्त मातीत काम करायचं होतं, पण तू काही बोलला नाहीस आणि मीही बोलले नाही. तू बॅग घेऊन गॅलरीत उभा होतास. तुझा पाम तेव्हा माझ्या गुडघ्याएवढा होता, नव्या कुंडीत पोरक्यासारखा. तू म्हणालास, "ताई, तू पण चल." मी म्हणाले, "हा खिडकीच्या वरच्या चौकटीला लागला की येईन." तुला वाटलं मी टाळतेय. मी टाळत नव्हते. मला मुदत हवी होती, आणि पाम सावकाश वाढतो असं तूच सांगितलं होतंस.

चार वर्षांपूर्वी त्याचं पान चौकटीला लागलं. मावसबहिणीकडे मी गेले ना, तेव्हा मुळात तिच्याकडे गेलेच नव्हते. तुझ्याकडे यायला निघाले होते. गाडी बदलायच्या ठिकाणी रात्रीपुरती तिच्याकडे थांबले, आणि दुसऱ्या दिवशी मावशींचा निरोप आला की अप्पा दार उघडत नाहीत. परत फिरले. त्या वर्षी तुझ्या कार्डाला उत्तर लिहिलं, 'खिडकीच्या अर्ध्यापर्यंत.' मग दरवर्षी तेच लिहायचं ठरून गेलं.

आज झाड चौकटीच्या वर दीड वीत आहे. टेबलाशी बसले की मला बाहेरचं आभाळ दिसत नाही, त्याची पानं दिसतात. हे झाड तुझ्यासारखंच आहे म्हणून तुझी आठवण येते, किंवा माझ्यासारखंच आहे म्हणून कीव येते, असलं काही लिहिणार नाही. झाड झाड आहे. मी मात्र खोटारडी आहे. रागव हवं तर.

डॉक्टरीणबाईंना अजून 'नाही' कळवलेलं नाही.

ताई


२ मे

ठोंब्या,

तू रागावशील असं वाटलं होतं. तू लिहिलंस, 'कुंडी हलत नसेल तर फोड. कुंडी फोड, मुळं तोडू नकोस.' हे तुझं रागावणं आहे की माफ करणं, ते भेटलास की विचारेन.

काल फोडली.

आधी मावशींना वर बोलावलं, दोघींनी मिळून कुंडी कलती केली. तर कुंडीबरोबर टबही उचलला गेला. मावशी म्हणाल्या, "अगं बाई, यांचं लग्न लागलंय की काय!" मी वाकून बघितलं. कुंडी आणि टब यांच्यामधल्या फटीत पांढरं, चार बोटं जाड, फरशीसारखं टणक. अठ्ठावीस वर्षं ज्यात हात घालून बसलेय ती वस्तू ओळखायला मला चष्मा लागत नाही. प्लास्टर होतं.

पहिल्या पत्रात लिहिलं होतं, मी काही वेगळं केलेलं नाही. केलं होतं. मोरी तुंबली तेव्हाची अप्पांची तंबी आठवते ना? प्लास्टरचं पाणी मोरीत ओतायचं नाही, बादलीत निवळू द्यायचं, खालचा गाळ वाळवून कचऱ्यात टाकायचा. ते काम तुझं होतं. तू गेल्यावर माझ्याकडे आलं, आणि मी ते एक दिवसही केलं नाही. खिडकीतून हात बाहेर काढला की खाली टब. उठायलासुद्धा नको. दातांच्या प्रत्येक ठशात प्लास्टर ओतून झालं की रबरी वाटी विसळायची आणि पांढरं पाणी टबात. वाटायचं, पाणीच तर आहे, उडून जाईल. पाणी उडून गेलं, प्लास्टर राहिलं. अकरा वर्षं थरावर थर बसला आणि कुंडीच्या तळाचं भोक मी माझ्या हातांनी बुजवून टाकलं. मग वरून रोज दोन मग पाणी.

मी तिथेच फतकल मारून बसले. अप्पा आतून आले. वाकून बघितलं. मग म्हणाले, "कोरडं ठोकू नकोस. आधी पाणी पाज त्याला. ठसा सोडवतो तसं. कडेने ये, मधे घाव घालू नकोस."

मावशींना त्यांनी खाली पाठवलं नाही. त्यांच्यासमोर, हात लपवायचं विसरून, ते गॅलरीत गुडघ्यांवर बसले आणि दोन्ही हातांनी खोड कवटाळलं. मी प्लास्टरच्या करवतीने कडेने कापत गेले. खोड थरथरत होतं. झाडामुळे की अप्पांमुळे, कळत नव्हतं. ते सांगत होते, "डावीकडे. आता हातोडी. हळू. सुटतंय बघ." त्यांचा तो आवाज मी आठ वर्षांत ऐकला नव्हता. काम शिकवतानाचा आवाज.

कुंडी दोन भागांत सुटली. तळाशी मुळं भोकातून बाहेर येऊन प्लास्टरमध्ये रुतली होती, ठशात दात रुततात तशी. खालची काळी पडलीत, वरची अजून पांढरी आहेत. सांगितलंस तसा मातीचा गोळा झाडला नाही. एका रिकाम्या ड्रमला तळाशी सात भोकं पाडली आणि झाड त्यात होतं तेवढ्याच खोलीवर बसवलं.

मावशी गेल्यावर मी अप्पांना म्हणाले, "मीच ओतत होते."

ते म्हणाले, "मला माहीत आहे. समोरच बसलेला असायचो."

"मग बोलला का नाहीत?"

ते म्हणाले, "तू त्याला काय सांगितलं होतंस ते मी ऐकलं होतं. खिडकी उघडी होती."

ठोंब्या, मला राग यायला हवा होता. आलाही. भांडी आपटली, जेवले नाही. पण नंतर कळलं की त्यांच्यावर निम्माच राग काढता येतो. झाड वाढू नये असं त्यांना वाटत होतं. चौकटीला लागल्यावर खोटं मी लिहिलं. घरात दार एकच आणि आम्ही दोघं दोन्ही बाजूंनी ते ओढून धरून बसलो होतो.

आज सकाळी डॉक्टरीणबाईंना 'हो' कळवलं. कळवून आले आणि कपाटावरची बॅग काढून झटकली.

ताई


२० मे

ठोंब्या,

एकतीसला येतोस, जाड वाळूची माती घेऊन येतोस, महिन्याची रजा घेतली आहेस. तिसऱ्यांदा वाचलं. तुझ्या बागेशेजारी अप्पांसाठी बघितलेल्या खोलीचंही वाचलं, तळमजल्यावरची, पुढे अंगण असलेली.

अप्पांना सगळं वाचून दाखवलं. मला वाटलं उठून आत जातील. म्हणाले, "माती घेऊन येतोय तर येऊ दे. झाडाचं काम आहे." खोलीचं विचारलं तर म्हणाले, "बघू." अप्पांचं 'बघू' म्हणजे इतर माणसांचं 'हो', हे तुला माहीत आहे.

काल बेल वाजली. सवयीने मी टेबलावरून उठले. अप्पा गॅलरीत झाडापाशी बसले होते, ते खुर्चीकडे आलेच नाहीत. भिंत धरत धरत दारापर्यंत गेले आणि कडी काढायला लागले. मी मदतीला धावले, तर मान हलवून 'नको' म्हणाले. कडी निघायला एवढा वेळ लागला की बाहेरून पुन्हा बेल वाजली. दारात डॉक्टरीणबाई. अप्पा त्यांना म्हणाले, "तिच्याकडे मागा. तिनेच केलीय." मग ॲप्रनची गाठ सोडायला लागले, ती काही सुटेना. ती मात्र मी सोडली. मला हुंदका आवरला नाही. डॉक्टरीणबाई भिंतीवरचं कॅलेंडर वाचत उभ्या राहिल्या, भली बाई.

नवीन काम घेणं बंद केलंय. शेवटची कवळी शनिवारी जाईल.

कोंब अजून मिटलेला आहे. ओढलेला नाही.

ताई


२९ मे

ठोंब्या,

हे पत्र पोस्टात टाकत नाहीये. टेबलावर ठेवतेय. तू वाचशील तेव्हा मी शाळेच्या खोलीत असेन.

चिडू नकोस. तू एकतीसला येणार, मी एकतीसच्या गाडीने निघणार, असं ठरलं होतं. पण मी मला ओळखते. तुम्ही दोघं समोरासमोर आलात आणि मी घरात असले, तर मी आधी चहा टाकेन, मग याचं त्याला समजावेन, त्याचं याला समजावेन, मग म्हणेन दोन दिवस थांबते, यांचं नीट बसू दे. तुमच्यामध्ये उभी राहिले की मी मध्येच राहते. म्हणून आज दुपारच्या गाडीने जातेय. अप्पांना सांगितलंय. त्यांनी विचारलं, "डबा घेतलास?" मी म्हटलं, घेतला. मग म्हणाले, "तिथल्या पोरांना आधी ठसा सोडवायला शिकव. घाई करतात." मी त्यांच्या पाया पडले नाही, बिलगले. लहानपणानंतर पहिल्यांदा. त्यांचे हात माझ्या पाठीवर थरथरत होते आणि त्यांनी ते काढून घेतले नाहीत.

दोन दिवस मावशी वर-खाली करतील. कप अर्धा भरायचा. गुंड्यांचे शर्ट बाजूला ठेवलेत, बिनगुंड्यांचे पुढे. झाडाला पाणी बोट घालून बघितल्याशिवाय नाही, हे तुला सांगायला नको, अप्पांना सांग.

बॅग भरली, गाडी किती वाजता ते पक्कं केलं, मगच गॅलरीत गेले. कोंब हातात आला असता तरी मी जाणार होते. ते आधी ठरवलं आणि मग ओढला. अप्पा बघत होते.

नाही आला. घट्ट आहे.

उंची चौकटीच्या वर दीड वीत. अकरा वर्षांचं खरं उत्तर एकदाच लिहिते.

घराची किल्ली मावशींकडे आहे, पण ती तुला देऊ नका, असं मी त्यांना सांगून ठेवलंय. हे पत्र तू आत आल्यावरच वाचणार, तेव्हा त्यांनी तुला जिन्यातच अडवून सांगितलं असेल, की ताईचा निरोप आहे, बेल वाजव, एकदाच वाजव, आणि थांब. कडी काढायला अप्पांना वेळ लागतो.

ताई